मार्कोनी, जादूगार आणि आमची गाडी

हा लेख एका अर्जामुळे लिहिला गेला. अर्ज शिस्तपालन समितीच्या नावे होता आणि खाली आम्हा चौघांच्या सह्या होत्या. तो कसा तयार झाला ते आधी सांगतो, म्हणजे मार्कोनीसारखा थोर माणूस आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये कुठून आला ते कळेल.

गेल्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपने शेतातला ओलावा मोजणारी एक छोटी चारचाकी गाडी केली होती. ईएसपी-३२ चा बोर्ड, मोटर ड्रायव्हर, दोन सेन्सर आणि भरपूर सेलोटेप. गाडी स्वतःचंच वायफाय तयार करायची आणि माझ्या लॅपटॉपवरून चालायची. नेटवर्कचं नाव आम्ही लपवून ठेवलं होतं. शिवाय आमच्या चार लॅपटॉपचे मॅक अॅड्रेस सोडून दुसरं कुणी जोडलं जाणार नाही अशीही सोय केली होती. पासवर्ड मात्र ठेवला नव्हता. नाव दिसत नाही, यादीबाहेरचा आत येत नाही, मग वर आणखी कुलूप कशाला, असा आमचा साधा हिशेब! एक्स्टर्नल सरांसमोर मी तोंडभरून सांगितलंसुद्धा की ही गाडी आमच्याशिवाय कुणाचंही ऐकत नाही.

माझं वाक्य संपायला आणि गाडीने जागच्या जागी तीन गिरक्या घ्यायला एकच गाठ पडली. मी लॅपटॉपची बटणं बडवतोय आणि गाडी भिंतीकडे निघालीय. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण रिपोर्टचं फोल्डर आम्ही आपापसात शेअर करून ठेवलं होतं, तेही सगळ्यांना उघडं, आणि फायरवॉल तर आठवडाभर बंदच होती, कारण ती चालू असली की मित्राच्या मशीनवर ग्राफ दिसायचे नाहीत. त्या फोल्डरमध्ये एक नवी फाईल येऊन बसली होती. उघडली तर आत एकच ओळ, गाडीला तहान लागली आहे अशा अर्थाची. एक्स्टर्नल सर हसले. मार्क काही हसले नाहीत.

रात्री हॉस्टेलवर सेकंड इयरचा एक मुलगा स्वतःच रूमवर आला आणि आपणच ते केलं असं कबूल करून गेला. आमचं डोकं फिरलं होतं. लगेच अर्ज लिहिला. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६, सगळं त्यात घातलं. असा अर्ज समितीपुढे गेला तर त्या मुलाचं वर्ष धोक्यात येणार हे आम्हाला माहीत होतं आणि खोटं कशाला बोलू, त्यावेळी तेच हवं होतं. सकाळी आमच्या गाईड सरांकडे सही मागायला गेलो. सरांनी अर्ज नीट वाचला, परत दिला आणि म्हणाले की आधी १९०३ सालच्या जूनमध्ये मार्कोनीचं काय झालं ते वाचून ये, मग सही करतो.

मला मार्कोनी माहीत होता तो एका मार्काच्या प्रश्नापुरता. रेडिओचा शोध कोणी लावला, उत्तर मार्कोनी, संपलं. लायब्ररीत बसलो तो दोन दिवस तिथेच.

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील जमीनजुमला बाळगून असलेले इटालियन गृहस्थ, आई अ‍ॅनी आयर्लंडच्या जेमिसन घराण्यातली, म्हणजे व्हिस्कीवाल्या जेमिसनांची मुलगी. पोरगा शाळेत यथातथाच. रीतसर विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती. (हे वाक्य कुणी आपल्या घरी दाखवू नये.) पण शेजारी ऑगुस्तो रिगी नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहत आणि आईच्या ओळखीने त्याला त्यांच्याकडे ये-जा करायला मिळाली. १८९४ मध्ये हाईनरिश हर्ट्झ वारला. त्याच्या कामाबद्दल रिगींनी लिहिलेलं वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात एकच किडा शिरला. या लहरी तारेशिवाय इकडून तिकडे जातात, तर तारेशिवाय तार का पाठवू नये?

पोन्तेक्यो गावातल्या त्यांच्या घराला विला ग्रिफोने म्हणत. तिथल्या माळ्यावर त्याचं काम सुरू झालं. एका बाजूला ठिणगी पाडणारं यंत्र, दुसऱ्या बाजूला कोहेरर. कोहेरर म्हणजे काचेची बारीक नळी, आत धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो, वीज वाहू लागते, आणि नळीला टिचकी मारली की कीस पुन्हा मोकळा. यातलं बरंचसं इतरांनी शोधलेलं होतं. मार्कोनीने काय केलं, तर ते जोडलं, सुधारलं आणि एक टोक जमिनीत व दुसरं उंच हवेत नेलं. त्याबरोबर अंतर एकदम वाढलं. १८९५ मध्ये त्याने भाऊ आल्फोन्सोला टेकडीपलीकडे यंत्र घेऊन पाठवलं. संदेश पोचला तर बंदुकीचा बार काढायचा असं ठरलं होतं. बार ऐकू आला. दोन किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि मध्ये टेकडी!

पुढची वर्षं पळतच गेली. १८९६ मध्ये आईबरोबर लंडन, जूनमध्ये पेटंटचा अर्ज, ब्रिटिश पोस्ट खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांचा पाठिंबा. १८९७ च्या मे महिन्यात ब्रिस्टॉलच्या खाडीवरून संदेश, जुलैत स्वतःची कंपनी. १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपार फ्रान्सशी संपर्क. वय पंचवीस. आपण या वयात गेटचा दुसरा अटेम्प्ट देत असतो.

आता मुद्द्याचा भाग. सुरुवातीच्या बिनतारी यंत्राचा एक मोठा दोष होता. ठिणगी पाडली की लहरी चहूकडे जातात आणि त्या फार रुंद पट्ट्यात पसरलेल्या असतात. दोन केंद्रं एकाच वेळी बोलू लागली की कुणालाच काही कळेना. शिवाय ज्याच्याकडे यंत्र तो ऐकू शकतो. तारेतून जाणारा संदेश ऐकायचा तर तार गाठावी लागते, हवेतला संदेश मात्र सगळ्यांच्या छपरावर येऊन पडतो. नौदलाला आणि व्यापाऱ्यांना हे कसं चालणार? मार्कोनीने यावर उत्तर काढलं ट्यूनिंगचं. पाठवणारं आणि घेणारं मंडल एकाच कंपनसंख्येला जुळवायचं. १९०० मधलं त्याचं हे पेटंट ७७७७ क्रमांकाचं, चार साते म्हणून आजही प्रसिद्ध आहे. एका केंद्राचा संदेश दुसऱ्यात मिसळू नये यासाठी कल्पना झकासच होती. पण कंपनी आणि स्वतः मार्कोनी ती आणखी एका गोष्टीसाठी विकू लागले, ती म्हणजे गुप्तता. माझ्या यंत्राशी जुळवलेलं यंत्र ज्याच्याकडे नाही त्याला माझे संदेश चोरता येणार नाहीत, असं तो १९०३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रातून सांगत होता.

वाचताना मी इथे थांबलो. लपवलेलं नाव आणि मॅक अॅड्रेसची यादी! आम्हीसुद्धा नेमकं हेच विकत होतो.

दरम्यान १२ डिसेंबर १९०१ ला त्याने इतिहासातला सगळ्यात गाजलेला प्रयोग केला होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या पोल्डूहून इंग्रजी एस हे अक्षर, म्हणजे मोर्समधले तीन ठिपके, पाठवायचे आणि अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये सिग्नल हिलवर ते ऐकायचे. वादळी वाऱ्यात पतंगाला अँटेना बांधून चढवली होती. मार्कोनीने आणि त्याचा सहकारी केम्प याने ठिपके ऐकल्याचं जाहीर केलं. ते खरोखर ऐकले की वातावरणातली खरखर, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्या दिवशी वापरलेला पाऱ्याचा डिटेक्टर आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या डिटेक्टरशी मिळताजुळता होता, हेही आता बरंच लिहिलं गेलंय. असो. त्या वादात मी पडत नाही, कारण मला जादूगाराकडे जायचंय.

समुद्राखालच्या तारांचा धंदा करणाऱ्या कंपन्यांच्या पायाखालची वाळू अटलांटिकच्या बातमीने सरकली. त्यातली मोठी म्हणजे ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी. कॉर्नवॉलमध्येच पोर्थकर्नो इथे तिच्या तारा समुद्रात उतरत. लंडनला मुंबईशी जोडणारी १८७० ची समुद्री तारेची वाट याच पोर्थकर्नोहून निघायची. या कंपनीने नेव्हिल मॅस्किलिन नावाच्या माणसाला कामाला लावलं. हा लंडनच्या प्रसिद्ध जादूगार घराण्यातला, पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये खेळ करणारा, आणि बिनतारी यंत्रणेचा पक्का जाणकार. स्वतःच्या प्रयोगांत मार्कोनीची पेटंटं आडवी येतात म्हणून आधीच चिडलेला. त्याने १९०२ मध्ये पोर्थकर्नोजवळ खांब उभारला आणि साध्याशा यंत्रावर पोल्डूहून इटालियन युद्धनौका कार्लो अल्बेर्तोला जाणारे संदेश सहज उतरवून घेतले. त्या वेळी मार्कोनी प्रयोगांसाठी त्याच नौकेवर होता. नोव्हेंबरमध्ये मॅस्किलिनने हे सगळं द इलेक्ट्रिशियन या नियतकालिकात छापलं. कंपनीने फारसं मनावर घेतलं नाही.

मग आला ४ जून १९०३. लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन, जिथे फॅरेडेने व्याख्यानं दिली तीच जागा. व्याख्याते होते प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग, मार्कोनी कंपनीचे शास्त्रीय सल्लागार. (डाव्या हाताचा आणि उजव्या हाताचा नियम ज्यांच्या नावाने आपण पाठ केला तेच हे. व्हॅक्यूम डायोडही त्यांचाच, पण पुढच्या वर्षीचा.) विषय होता जुळवलेली बिनतारी यंत्रणा. शेकडो किलोमीटरवर पोल्डूला स्वतः मार्कोनी बसलेला. व्याख्यान संपताना त्याच्याकडून संदेश येणार आणि टाळ्या पडणार, असा बेत.

संदेश यायची वेळ झाली नव्हती, तोच फ्लेमिंगच्या साहाय्यकाला चित्र दाखवायच्या दिव्यातून टिकटिक ऐकू आली. फ्लेमिंगना कमी ऐकू येई, ते बोलतच राहिले. साहाय्यक मोर्स जाणणारा होता. त्याने ओळखलं की ही टिकटिक उगीच नाही, कुणीतरी जवळूनच काही पाठवतंय. कागदाच्या पट्टीवर अक्षरं उमटू लागली. आधी उंदीर या अर्थाचा इंग्रजी शब्द, पुन्हा पुन्हा. त्या काळी थट्टेने नाक मुरडायला तो शब्द वापरत. मग लोकांना फसवणाऱ्या एका इटालियन तरुणावरची टिंगलीची कविता. आणि मार्कोनीचा खरा संदेश यायच्या जरा आधी सगळं शांत. मंडळींपैकी बहुतेकांना काही कळलंच नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळलं.

हे झालं कसं, ते आपल्या ब्रँचच्या भाषेत सांगतो. मॅस्किलिनने कुलूप फोडलंच नाही. जवळच्या इजिप्शियन हॉलमधून त्याने साध्या ठिणगीच्या यंत्राने संदेश सोडले. ठिणगीचा वर्णपट इतका रुंद की त्यात फ्लेमिंगच्या यंत्राची कंपनसंख्याही आलीच. आणि अंतर कमी, म्हणजे जोर जास्त. त्या काळची यंत्रं लहर कुणाची आहे हे विचारत नसत, लहर आहे की नाही एवढंच बघत. ट्यूनिंग म्हणजे कोणत्या दारावर टकटक करायची ते ठरवणं. दाराबाहेर कोण उभा आहे ते त्याने कळत नाही.

फ्लेमिंग भयंकर संतापले. त्यांनी द टाइम्सला पत्र लिहून ही शास्त्राच्या नावावरची गुंडगिरी आहे असं म्हटलं आणि गुन्हेगार शोधायला वाचकांची मदत मागितली. चार सह्यांचा आमचा अर्ज मला तिथे आठवला. दोन दिवसांत मॅस्किलिनने त्याच वर्तमानपत्रात लिहून सांगून टाकलं की तो मीच. लोकांना गुप्ततेची हमी दिली जात होती, ती खरी की खोटी हे तपासायचा हाच मार्ग होता, असं त्याचं म्हणणं.

आता माझं मत. मॅस्किलिन काही साधुसंत नव्हता. त्याने तारेवाल्यांचे पैसे घेतले होते आणि त्याला मार्कोनीला उताणं पाडायचंच होतं. पण त्याने जे दाखवलं ते खरं होतं, आणि फ्लेमिंगच्या पत्रात त्याचं उत्तर नव्हतं. राग कितीही खरा असला तरी त्याने कंपनसंख्येचं कुलूप होत नाही.

ज्यांना हे कळलं नाही त्यांनी पुढे फार मोठी किंमत मोजली. ऑगस्ट १९१४ मध्ये टॅनेनबर्गच्या लढाईत रशियन सैन्याने हालचालींचे हुकूम बिनतारीवर सरळ भाषेत, कुठल्याही कूटलिपीशिवाय पाठवले. जर्मनांनी ते ऐकले आणि एक अख्खी रशियन सेना संपली. संदेश कुठून जातो ते लपवण्यापेक्षा संदेशातच कुलूप घालावं, हे त्यानंतर सगळ्यांनाच शिकावं लागलं. आणि पुन्हा विसरावंही लागलं बहुतेक! कारण १९९७ मध्ये वायफायचं ८०२.११ मानक आलं तेव्हा त्यात वेप नावाचं कुलूप होतं, ते २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघांनी गणिताने खिळखिळं करून दाखवलं. मग २००३ ला डब्ल्यूपीए, २००४ ला डब्ल्यूपीए-२, २०१८ ला डब्ल्यूपीए-३.

आमच्या गाडीवर यातलं काहीच नव्हतं. नाव लपवलं म्हणून ते लपत नाही. उलट लपवलेल्या नेटवर्कला आपोआप जोडायला सांगितलेला लॅपटॉप कँटीनमध्ये, एसटी स्टँडवर, जाईल तिथे त्याचं नाव घेऊन हाका मारत सुटतो, तू इथे आहेस का म्हणून. मॅक अॅड्रेसही प्रत्येक फ्रेमच्या डोक्यावर उघडा लिहिलेला असतो, वायफाय एन्क्रिप्ट केलं तरीसुद्धा. त्या मुलाने आमची रंगीत तालीम चालू असताना आमच्यातल्याच एकाचा पत्ता टिपला आणि तो लॅपटॉप बंद असताना स्वतःच्या कार्डाला लावला. पाच मिनिटांचं काम. आत आल्यावर उघडं फोल्डर आणि बंद फायरवॉल म्हणजे आम्ही पाटच मांडून ठेवला होता.

मार्कोनीचं काय झालं? १९०३ च्या फजितीने त्याचं फारसं बिघडलं नाही. १९०९ मध्ये कार्ल फर्डिनांड ब्राउनबरोबर भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा जहाजावरचे दोन्ही ऑपरेटर, फिलिप्स आणि ब्राइड, मार्कोनी कंपनीचेच नोकर होते. त्यांच्या हाकेमुळे सातशेच्या आसपास माणसं वाचली, फिलिप्स वाचला नाही. त्या रात्रीनंतर हवेत इतक्या जणांचे संदेश एकमेकांत मिसळले की जहाज सुखरूप ओढून आणलं जातंय अशी खोटी बातमीही छापून आली. त्याच वर्षी मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला. पुढे तो लघुलहरींकडे वळला, एलेत्रा नावाच्या स्वतःच्या जहाजावर प्रयोग करत फिरला. १९२३ मध्ये फॅसिस्ट पक्षात गेला, मुसोलिनीने १९३० मध्ये त्याला इटलीच्या रॉयल अकादमीचा अध्यक्ष केलं. हे त्याच्या चरित्रातलं पान मला आवडलं नाही, पण ते आहे.

एक गोष्ट मात्र मला कुणी आधी सांगितली नव्हती. लघुलहरींची झोतासारखी एका दिशेने जाणारी त्याची बीम यंत्रणा १९२७ मध्ये भारताशी जोडली गेली. तिचं पाठवणारं केंद्र आपल्या खडकीला आणि घेणारं दौंडला. ज्या दौंडला आपण गाडीची वाट बघत वडापाव खातो तिथे इंग्लंडहून बिनतारी तारा उतरत होत्या! या बीमने समुद्री तारांचं गिऱ्हाईक एवढं पळवलं की १९२९ मध्ये दोन्ही धंदे एका कंपनीत एकत्र करावे लागले. म्हणजे ज्या ईस्टर्न टेलिग्राफने मॅस्किलिनला मार्कोनीवर सोडलं, तीच मार्कोनीच्या बिनतारीबरोबर एका छपराखाली आली. १९३४ मध्ये तिचं नाव केबल अँड वायरलेस झालं.

२० जुलै १९३७ ला रोममध्ये मार्कोनी वारला. त्याच्यासाठी जगभरातल्या रेडिओ केंद्रांनी दोन मिनिटं प्रक्षेपण थांबवलं. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्यूनिंगच्या त्याच्या अमेरिकन पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम आधीचं होतं.

हे सगळं वाचून मी सरांकडे गेलो. सही मागितली नाही, सरांनीही अर्जाचं नाव काढलं नाही. बाकी तिघांना पटवायला एक आठवडा गेला. एकजण अजूनही म्हणतो की गाडी फिरवली ते ठीक, पण फोल्डरला हात लावायला नको होता, आणि त्याचं मलाही पटतं. तसं आम्ही त्या मुलाला तोंडावर सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

मग ठरलं असं की गाडी नव्याने बांधायची आणि ती फोडायचं काम त्यालाच द्यायचं, आमच्या परवानगीने, आमच्यासमोर. फोल्डरचं शेअरिंग काढलं, फायरवॉल चालू केली, लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केली, गाडीवर डब्ल्यूपीए-२ चढवलं. पासवर्ड ठेवला ग्रुपचं नाव आणि पुढे वर्ष. त्याने जोडणीच्या वेळची देवाणघेवाण टिपली, रूमवर नेली आणि शब्दांची यादी लावून चहा व्हायच्या आत पासवर्ड घेऊन परत आला. पुन्हा गाडीला तीन गिरक्या!

आता पासवर्डमध्ये एकमेकांशी संबंध नसलेले सहा मराठी शब्द आहेत. कुठले ते अर्थातच इथे छापत नाही. अकरा दिवस झाले, तो अजून बसलाय.